साडीच्या टोकाचा चिंचोका

आमच्या सौंसरच्या घरात लोखंडी आलमारी एकच होती आणि तिचं दार कधी नीट लागत नसे. आत कापड इतकं कोंबलेलं की आई गुडघ्यानं दार दाबायची, किल्ली फिरवायची आणि किल्ली परत कमरेला खोचायची. पुन्हा उघडलं की दोन-चार ब्लाउजपीस खाली पडायचेच. मी सरकारी कचेरीत कारकून होतो, जुनं रेकॉर्ड सांभाळायचो. मागितलेला कागद मी डोळे मिटून काढून देतो अशी कचेरीत माझी ख्याती होती, आणि तिचा मला गर्व होता. त्यामुळे घरातली ती आलमारी मला रोज टोचायची.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. वडील मोहगावजवळच्या शेतावर होते. कापूस वेचायचे दिवस असले की ते तिकडेच मुक्काम करत. घरात आई, मी आणि दिवाळीला आलेली माझी धाकटी बहीण, एवढेच. दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते, तरी बहीण घरीच होती.

तिचं सासर पांढुर्ण्याचं. संत्र्यांचा व्यापार, मोठं घर, दारात ट्रक. लग्नात आम्ही दिलेला आहेर त्यांना हलका वाटला होता, हे ती सासूच्या तोंडून येता-जाता ऐकायची. दसऱ्याला घरी पाहुण्या बसलेल्या असताना सासूनं तोच विषय काढला आणि माझी बहीण बोलून गेली, "तुमी माह्या मायले देल्ली ते साडी तरी कुठं मोठी भारी होती?" चार बायकांसमोर. दिवाळीला तिला माहेरी पाठवलं आणि मग न्यायला कोणी आलं नाही.

आमच्याकडे सून माहेरी आली की सासरच्यांनी तिला न्यायला यावं लागतं. न्यायला आले की ती मानानं जाते. माहेरच्यांनीच नेऊन सोडली तर लोक म्हणतात, 'पोचवून देल्ली', आणि ते दोन शब्द त्या बाईच्या मागे जन्मभर चालतात. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "काऊन बाई, अजून इथंच? कधी जाऊन राहिली?" बहीण हसून म्हणायची, "जाईन ना, घाई काय आहे?" आणि घरात येऊन चुलीपुढे बसून राहायची.

शेवटी लोधीखेड्याच्या मामांनी मध्यस्थी केली. ते पांढुर्ण्याला दोनदा जाऊन आले आणि निरोप घेऊन आले, की सासू स्वतः येणार आहे न्यायला. सोबत तिची जाऊ. जेवायला थांबतील, ओटी-साडी करा, आणि मागचं काही काढू नका. आईनं देवापुढे साखर ठेवली.

त्या दिवशी मी कचेरीतून रजा घेतली. बहीण पहाटेपासून पुरण शिजवत होती. आई सकाळीच देवळात गेली. आता गर्दी नसेल, म्हणाली. आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस ओळखायची ती आवाजावरून, तांदूळ निवडायची बोटांनी, आणि आपल्याला दिसत नाही हे कोणी बोललेलं तिला आवडायचं नाही. देवळाचा रस्ता तिच्या पायांना पाठ होता. अंघोळीला जाताना काढून ठेवलेली किल्ली त्या दिवशी खिडकीत राहिली होती.

बायका बसणार आतल्या खोलीत. तिथं खाट, खाटेवर धुतलेली चादर, आणि समोर ती आलमारी, पोट सुटलेल्या माणसासारखी. मला वाटलं, श्रीमंत घरची बाई येणार, तिच्या नजरेसमोर हे नको. बस यायला अवकाश होता. मी किल्ली घेतली, खोलीचं दार लावून घेतलं आणि आलमारी रिकामी करायला बसलो.

माझी रीत कचेरीतलीच. आधी सगळं बाहेर. खाटेवर ढीग झाला. वडिलांचा बाहीला कसर लागलेला कोट, माझ्या शाळेतल्या खाकी पँटी, पावडरचे रिकामे डबे, एक फुटकी गरम पाण्याची पिशवी, लग्नात आलेले स्टीलचे पेले अजून कागदात गुंडाळलेले. जे टाकायचं ते पोत्यात, पोतं खाटेखाली. मग कापड. साड्या, लुगडी, पातळं, आणि ब्लाउजपीसचा डोंगर. ओटीत आलेला पीस कोणी शिवत नाही. तो ठेवायचा आणि पुढच्या ओटीत दुसरीला द्यायचा. साड्यांचंही थोडंफार तसंच. सगळ्याच घरी तसं चालायचं.

त्या साड्यांच्या टोकाला मला विचित्र गोष्टी सापडू लागल्या. एखादीला नुसतीच गाठ. कशाच्या कोपऱ्यात दोऱ्यानं बांधलेली सीताफळाची बी. कशात चिंचोका. कुठं लाल दोरा, कुठं चिंधी. मला हसू आलं. आईचा काहीतरी टोटका असेल, नाहीतर कसर लागू नये म्हणून केलं असेल असं वाटलं. त्यानं घडी बसत नव्हती. मी ब्लेड घेतलं आणि एकेक सोडवत गेलो. चिंचोके आणि बिया एका वाटीत टाकल्या, दोरे पोत्यात. मग रंगावर रंग लावले. गडद खाली, फिके वर. साड्या एका कप्प्यात, पीस दुसऱ्या कप्प्यात, घड्या वहीच्या पानांसारख्या सारख्या. दार लावलं तर एका बोटानं लागलं. मी ते पुन्हा उघडून पुन्हा लावून पाहिलं.

इतकं भराभर आणि इतकं सुबक काम मी कचेरीतही केलं नव्हतं. मला खरंच वाटलं, मी बहिणीसाठी काहीतरी केलं.

आई देवळातून आली आणि तिच्या पाठोपाठ पाहुण्याच आल्या. त्यांना आधीची बस मिळाली होती. आईशी आलमारीबद्दल एक शब्दही बोलायची संधी मिळाली नाही. खरं तर मिळाली असती. पण आईला ते पाहुण्यांसमोरच कळावं असं मला वाटत होतं.

विहिणीला आमच्याकडे ईनबाई म्हणतात. ईनबाईंनी पिशवीभर संत्री आणली होती. उंच, ताठ बाई, कमी बोलणारी. तिची जाऊ मात्र बोलकी.

"घर तं मस्त ठेवलं हो," जाऊबाई खाटेवर बसत म्हणाली. "आलमारी नवी घेतली का?"

"नाही, जुनीच आहे. आज सकाळी जरा लावली मी," मी म्हणालो आणि दार उघडून दाखवलं.

"तुमी?" जाऊबाईनं गालाला हात लावला. "पाहा बाप्पा! माणूस असून साड्याच्या घड्या करून राहिला! आमच्या इकडं तं सोताचा गमछा सोताले सापडत नाई. चालता का पांढुर्ण्याले? आमच्याही चार आलमाऱ्या आहेत."

ईनबाईसुद्धा हसल्या. त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं केलं भाऊ." मला धन्य वाटलं. दारात उभी असलेली माझी बहीणही हसली, कितीतरी दिवसांनी. तिची पेटी भरून उंबऱ्याशी ठेवलेली होती.

ईनबाई म्हणाल्या, "ओटीचं आधी उरकून घ्या, ईनबाई. मंग जेवू, अन् मंग निंघू. दिवस लहान आहेत." म्हणजे नेणार, हे नक्की झालं. आईचा चेहरा उजळला. बहीण कुंकवाचं ताट आणायला गेली आणि आई साडी काढायला आलमारीपुढे आली.

तिनं हात आत घातला. साड्यांच्या कडांवरून तिची बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग परत आली. मग एका साडीचा कोपरा चिमटीत धरून चाचपला, दुसरीचा चाचपला. मी तिच्याजवळ उभा होतो. मला वाटलं, तिला जागा सापडत नाही.

"अरे," ती हळू म्हणाली, "याच्या गाठी..."

"आई, वरचीच घे. चांगली आहे," मी म्हणालो. वरची फिकी पोपटी साडी होती, कधी न नेसलेली, घडी कडक. मीच ती ओढली आणि तिच्या हातात दिली.

"कोनाची आहे हे?"

"आपलीच आहे. आणखी कोणाची?"

हे मी जसंच्या तसं म्हणालो. आपलीच आहे.

आईनं क्षणभर साडी हातात तोलली. पाहुण्या पाहत होत्या. ती वळली. बहिणीनं कुंकू लावलं, आईनं ओटी भरली. तांदूळ, नारळ, पीस, वर साडी. ईनबाईंनी पदर पसरून घेतलं. साडीचा काठ बोटांनी उलटला, तिचा पदर थोडा उघडून पाहिला आणि त्या थांबल्या. जाऊबाईनंही वाकून पाहिलं आणि तिचं बोलणं बंद झालं.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "हे तं आमीच देल्ली होती ना तुमाले? लग्नात?"

मला अजून काही कळलं नव्हतं. पण बहिणीच्या हातातलं ताट वाजलं.

"पोरगी दसऱ्याले जे तोंडानं बोलली," ईनबाई शांतपणे म्हणाल्या, "ते आज तुमी हातानं सांगतलं." त्यांनी साडी पदरातून उचलून खाटेवर ठेवली. मग नारळ ठेवला.

आई पुढे झाली. "नाई हो बाई, देवाशपथ नाई. मले दिसत नाई. दोनी डोळे गेले माह्ये. म्या आंधळीनं काढली, कोनती काढली ते मलेच मालूम नाई."

आपल्याला दिसत नाही हे आई पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोलली, तेही या बाईसमोर.

"तुमाले दिसत नसन," ईनबाई म्हणाल्या, "पन घरात डोळे असलेले लोक आहेत. आजच सगळी आलमारी लावली म्हणते ना भाऊ? सगळं पाहून-पाहून लावलं. अन् त्यातून नेमकी हेच निंघाली?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या. लगेच वळल्या नाहीत. पाहत राहिल्या.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. चिंचोका म्हणजे पांढुर्णा. सीताफळाची बी म्हणजे वडिलांकडचे, नुसती गाठ म्हणजे आईचं माहेर, असंच काहीतरी. ज्या घरचं कापड त्या घरी परत जाऊ नये म्हणून डोळे गेलेल्या बाईनं बोटांनी वाचायची खूण केली होती, आणि ती मी ब्लेडनं कापून वाटीत भरली होती. वाटी खिडकीत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी सोडवल्या, मी काढली, मी म्हणालो आपली आहे. एवढी तीन वाक्यं. मी खाटेवरच्या नारळाकडे पाहत राहिलो. नुकतंच बाईनं 'चांगलं केलं भाऊ' म्हटलं होतं, ते जाईल असं मला वाटलं. बहिणीच्या संसारापुढे मला त्या क्षणी ते मोठं वाटलं. दुसरं काही कारण शोधून मला सापडत नाही.

"आमी न्याले आलो होतो," ईनबाई उठत म्हणाल्या. "आता तुमाले फुरसत असन तवा पोचवून द्या."

पुरणाचा वास घरभर होता. त्या न जेवता गेल्या. जाऊबाई चप्पल घालताना मागे वळून बहिणीला म्हणाली, "रडू नको व," आणि पटकन त्यांच्या मागे गेली. मी बसपर्यंत त्यांच्या मागे चालत गेलो, दहा पावलं अंतर ठेवून, आणि तिथंही बोललो नाही.

घरी आलो तर आई आलमारीपुढे जमिनीवर बसली होती. मांडीत वाटी. एक साडी घेऊन ती चाचपत होती, कापड गालाला लावून पाहत होती. बहीण म्हणाली, "माय, मी सांगतो ना कोनती कोनाची, मले बऱ्याच आठवते." आई म्हणाली, "राहू दे बाई. आता कोनाले द्याचं आहे?" तिनं साडी होती तिथंच ठेवली. कमरेला किल्ली लावली नाही. भिंतीच्या खिळ्याला अडकवली. त्यानंतर घरात कोणाची ओटी भरायची असली की ती म्हणायची, सुनेले सांगा. मला ती एका शब्दानं बोलली नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

संक्रांतीच्या आधी मी बहिणीला पोचवायला गेलो. बसमध्ये मोहगाव गेलं तोवर मी मनात पूर्ण वाक्यं तयार केली होती. बहीण खिडकीबाहेर पाहत होती. तिला मी सांगितलं, "मी आज सगळं बोलतो त्यांच्याशी." ती म्हणाली, "हं."

पांढुर्ण्याच्या घराच्या अंगणात माणसं पेट्यांत गवत घालून संत्री भरत होती. ओवाळायला कोणी आलं नाही. ईनबाई ओसरीवर होत्या. मी पेटी खाली ठेवली आणि तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या मायचे डोळे कसे आहेत?"

आणि मी म्हणालो, "ऑपरेशन करायचं आहे. फारच कमी दिसतं आता."

बहिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पेटी स्वतः उचलली आणि पेट्यांच्या मधून वाट काढत मागच्या दारानं आत गेली. त्या घरात तिला पुढे बरीच वर्षं 'पोचवून देल्लेली' म्हणत, हे मला तिच्या नणदेच्या लग्नात माझ्या कानांनी ऐकायला मिळालं. पंगतीत वाढणारी बाई दुसरीला सांगत होती. मी जिलेबी खात होतो.

आईचं ऑपरेशन नंतर झालं, चष्मा लागला. दवाखान्यातून आल्यावर ती घरभर फिरली, भिंती पाहिल्या, नातवाचं तोंड पाहिलं, आणि आलमारी उघडली. माझ्या बायकोनं पीसचा कप्पा आपल्या पद्धतीनं लावून घेतला होता, पण साड्यांचा कप्पा मी लावला तसाच होता. त्याला कोणी हात लावत नसे. आई बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "सुंदर लावली होती रे तू." त्यात टोमणा नव्हता. मी अंगणात निघून गेलो.

हे इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. दशक संपत आलं तेव्हा मी एका थंडीच्या दिवसात बहिणीकडे गेलो होतो. आता घर तिच्या हातात होतं. तिचे हात कणकेत होते. ती म्हणाली, "दादा, आत्याबाईले शाल पायजे, आलमारीतून काढून दे ना. वरच्या कप्प्यात आहे." आत्याबाई म्हणजे तिची सासू, आमच्या ईनबाई. बाहेर बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या होत्या.

मी आलमारी उघडली. साड्यांच्या टोकांना गाठी होत्या. कुठं बी होती, कुठं दोरा. शाल सापडली, तिच्या कोपऱ्यात चिंचोका. मी ती धरून उभा राहिलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अन् दादा, काई सोडू-बिडू नको हं. आत्याबाईले आता बरोबर दिसत नाई, त्या हातानं पाह्यते."

ती हसली नाही की रागावलीही नाही. भाजीत मीठ टाकू नको म्हणावं तसं म्हणाली.

मी शाल घेऊन बाहेर गेलो आणि बंगईपाशी उभा राहून सगळं सांगितलं. पाहून-पाहून लावली नव्हती, मी गाठी कापल्या, मी साडी ओढली, आईनं विचारलं तर मी खोटं सांगितलं. बोलताना माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. ईनबाई बंगईला पायानं हळूहळू झोका देत ऐकत होत्या.

"मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या मायचा हात कसा फिरून राहिला होता, ते मी पाहलं. अन् खिडकीत वाटी होती. चिंचोके कोनी वाटीत ठेवते का?"

"मग तुम्ही..."

"मी तुमच्या तोंडाकडं पाहून राहिली होती, भाऊ. म्हटलं, आता बोलन. आता बोलन. एक शब्द बोलले असते तं मी तिले घेऊनच गेली असती. साडी काय, साडी तं साऱ्याच फिरते." मग म्हणाल्या, "अन् मंग तुमी दारात आले, तईही मी इचारलं. मायचे डोळे कसे आहेत म्हणून."

बंगईच्या कड्या वाजत होत्या. घरातून पोळी भाजल्याचा वास येत होता.

"शाल देता का?" ईनबाई म्हणाल्या. "थंडी वाजून राहिली."

मी शाल दिली. त्यांनी कोपरा शोधला, चिंचोका बोटांत धरून पाहिला. "हे तुमच्याकडची आहे," म्हणाल्या, आणि अंगावर घेतली.